पंचेचाळीस तासांचा आकडा

१

शुक्रवारी सकाळी साडेनऊला यमुना चुरी वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या प्रयोगशाळेच्या गाळ्यात शिरली, तेव्हा मागच्या खोलीतलं यंत्र थांबलेलं होतं. त्याचे जबडे रिकामे होते. काउंटरवर ओळीने सात शून्यं होती. माळ्याकडे जाणाऱ्या लोखंडी शिडीच्या पायथ्याशी कुणीतरी फरशी धुतली होती, ती अजून ओली होती.

"काल संध्याकाळी श्रीरंग पडला," दिनानाथ सावे म्हणाले. "शिडीवरून. डोक्याला मार आहे. अजून शुद्धीवर नाही."

यमुना काही क्षण त्या ओल्या फरशीकडे बघत राहिली. श्रीरंगला ती ओळखत होती. तिशीतला, कमी बोलणारा, आकड्यांच्या बाबतीत हट्टी. चाचणीचं सगळं काम त्याच्याकडेच असे.

यमुना विमा कंपनीची सर्व्हेअर होती. गासच्या पुढे किनाऱ्यावर एका रिसॉर्टमध्ये रविवारी नवा चक्रपाळणा सुरू व्हायचा होता. मे महिना, शाळांना सुट्ट्या, दिवसाला हजारभर माणसं. पाळणा ज्या पोलादी शाफ्टवर फिरणार, त्या पोलादाची चाचणी दिनानाथ सावेंच्या या प्रयोगशाळेत झाली होती. चाचणीची दांडी डोळ्यांनी बघायची, सर्टिफिकेट तपासायचं आणि मगच विम्याला होकार द्यायचा, एवढंच तिचं काम होतं.

"सर, दांडी कुठाय?"

"तेच कळत नाही. सकाळपासून शोधतोय." दिनानाथांनी चष्मा काढून कपाळ पुसलं. "दांडी नाही, काउंटर कुणीतरी शून्यावर आणलाय, आणि चाचणीच्या नोंदवहीचं पानही फाडलेलं आहे. पण तू काळजी करू नकोस. पडायच्या आधी श्रीरंगने मला शेवटचा आकडा चिठ्ठीवर दिला होता. सर्टिफिकेट तयार आहे."

यमुनाने सर्टिफिकेट हातात घेतलं. चाचणी मंगळवारी सकाळी दहाला सुरू, गुरुवारी दुपारी एकला बंद. एकूण फेरे सत्त्याहत्तर लाख शहात्तर हजार चारशे अठरा. आवश्यक फेरे पंचाहत्तर लाख. दांडी अभंग. खाली दिनानाथांची सही.

ती सही यमुना पंचवीस वर्षं ओळखत होती. बाविसाव्या वर्षी ती मुंबईच्या एका फोर्ज कारखान्यात लागली, तेव्हा हेच दिनानाथ सर तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. तुटलेलं लोखंड उजेडात तिरकं धरून कसं वाचायचं, ते तिला त्यांनी शिकवलं होतं.

तिने कागद घडी करून पिशवीत ठेवला, पण पाय निघेना. दांडी नापास झाली असती तर ती लपवायला कारण होतं. पास झालेली दांडी कोण कशाला चोरेल?

२

त्या यंत्राचं काम साधं होतं. बोटाएवढी पोलादी दांडी जबड्यात धरायची, टोकाला वजन टांगायचं आणि ती गरागरा फिरवायची. दर फेऱ्याला दांडी एकदा वाकते, एकदा सरळ होते. लाखो वेळा वाकून पोलाद थकतं आणि एका क्षणी तुटतं. ते किती फेऱ्यांवर तुटलं, त्यावरून त्याच पोलादाचा मोठा शाफ्ट किती वर्षं काम देईल याचा हिशेब मांडतात. दांडी तुटली की खटका पडतो आणि काउंटर तिथल्या तिथे थांबतो. वीज गेली तरी तो थांबतो, आणि आली की यंत्र आपोआप पुन्हा चालू होतं. रात्री तिथे कुणी बसायची गरज नसे.

यमुना बाहेर ऑफिसात फ्लॉसी रुमावच्या समोर बसली. फ्लॉसी पापडीची, पन्नाशीला आलेली, प्रयोगशाळेचा सगळा पत्रव्यवहार तिच्याच हातचा. तिचे डोळे रडून सुजले होते.

"काल मी साडेपाचला निघाले मॅडम. सर तेव्हा नुकतेच पुण्याहून आले होते. मंगळवारी सकाळीच गेले होते ना मीटिंगला. श्रीरंग त्यांची वाट बघत होता. म्हणाला, फ्लॉसीबाय, तुम्ही जा, मला सरांशी बोलायचंय."

"कशाबद्दल?"

"ते नाही सांगितलं. पण दोन दिवस तो जेवत नव्हता नीट. बुधवारी दुपारी तीन वाजता मी त्याला म्हटलं, बाबा, एवढा पंखा चालू आहे डोक्यावर, दोन घास खा आणि डोळा मीट थोडा. माझा तर लागलाच डोळा टेबलावर. तो त्या खोलीतून उठेच ना."

"यंत्र चालू होतं?"

"हो तर. त्याची घरघर मला इथे ऐकू येते. दोन्ही दिवस होती."

"आणि हे सर्टिफिकेट तुम्ही टाइप केलंत?"

फ्लॉसीने कागद बघितला आणि मान हलवली. "मी नाही. सरांनी केलं असेल. पण सर कधी हात लावत नाहीत हो कॉम्प्युटरला."

शेजारच्या लेथच्या गाळ्यातला फोरमन दारात उभा होता. श्रीरंगला त्यानेच उचलून नेलं होतं. "सातच्या सुमाराला आमच्याकडे फोन आला," तो म्हणाला. "बाजूच्या गाळ्यात माणूस पडलाय, लवकर जा, एवढंच. आणि ठेवला. शटर अर्धं खाली होतं. पोरगं शिडीखाली पडलेलं."

"आवाज कुणाचा होता?"

"आमची लेथ चालू होती मॅडम. काय कळणार?"

हवालदाराने सकाळी येऊन 'शिडीवरून पाय घसरला' अशी नोंद केली होती. पण पाय घसरून पडलेला माणूस फोन करत नाही. श्रीरंग पडला तेव्हा तिथे आणखी कुणीतरी होतं.

३

धवल सव्वाअकराला आला तोच तावातावाने. रिसॉर्टच्या चक्रपाळण्याचा सांगाडा त्याच्या कारखान्यात बनला होता. गोरा, चाळिशीचा, हातात दोन मोबाइल.

"मॅडम, माझं एवढंच म्हणणं आहे, विम्याला होकार द्या. रविवारी उद्घाटन आहे, पत्रिका वाटून झाल्यात."

"काल साडेसहाला फोरमनने तुम्हाला इथे बघितलं. आला होता?"

"आलो होतो. शटर अर्धं होतं, हाक मारली, कुणी बोललं नाही. मला वाटलं गेले सगळे." तो थांबला. "तुम्ही काय माझ्यावर संशय घेताय? मला त्याला ढकलून काय मिळणार? माझं पोलाद चांगलंच आहे. अहो, याच लॉटच्या सळीचा शाफ्ट जानेवारीत इथेच पास झालाय. जहाजाच्या आकाराचा झोपाळा, त्याच रिसॉर्टमध्ये. चार महिने मस्त चाललाय. विचारा सरांना!"

तो गेल्यावर यमुनाने यंत्राच्या पाटीकडे बघितलं. वेग, मिनिटाला तीन हजार फेरे. तिने पिशवीतून कॅल्क्युलेटर काढला. सत्त्याहत्तर लाख शहात्तर हजार चारशे अठरा भागिले तीन हजार. दोन हजार पाचशे ब्याण्णव मिनिटं. म्हणजे त्रेचाळीस तास बारा मिनिटं.

मंगळवारी दहा ते गुरुवारी एक, एकूण एक्कावन्न तास. या भागात रोज दुपारी दोन ते पाच लोडशेडिंग असायचं. दोन दुपारचे सहा तास वजा केले तर उरले पंचेचाळीस. मग एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं गेली कुठे? तेवढा वेळ कुणीतरी यंत्र थांबवलं होतं. दांडी बदलायला तेवढा वेळ पुष्कळ झाला.

कौस्तुभ हा इथला दुसरा इंजिनिअर. पंचविशीचा, मिरा रोडहून येणारा. तो सकाळपासून तिची नजर टाळत होता.

"काल किती वाजता निघालास?"

"पाच वाजता."

"फोरमन म्हणतो, तुझी बाइक सहाला बाहेर होती."

त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. "मॅडम, सरांना सांगू नका प्लीज. मी गोरेगावला इंटरव्ह्यूला गेलो होतो, रिक्षा करून स्टेशनवर. बाइक इथेच ठेवली म्हणजे सरांना वाटेल मी चहाला गेलोय." त्याने मोबाइलमध्ये त्या कंपनीचा नंबर काढून दिला. यमुनाने लगेच तो फिरवला. पावणेसातला मुलाखत झाली होती. तिथे त्याची सही होती.

"बरं, मग हे सांग. यंत्र या तीन दिवसांत मध्येच पावणेदोन तास कुणी बंद केलं होतं?"

"कुणी नाही. का?"

तिने आकडा दाखवला. कौस्तुभने तो बघितला आणि पहिल्यांदाच थोडं हसला. "मॅडम, तुम्ही तीन हजाराने भागलंत. पाटीवर आहे ते कागदावरचं. मोटर तेवढी पळत नाही. मागच्या वर्षी मी स्वतः मोजलाय, दोन हजार आठशे ऐंशी. हे आम्हा तिघांनाच माहीत आहे, मी, श्रीरंग आणि सर."

यमुनाने पुन्हा भागलं. दोन हजार सातशे मिनिटं आणि वर आठ-नऊ सेकंद.

पंचेचाळीस तास. अगदी नेमके.

तिला हायसं वाटलं. आकडा खरा होता. दोन दुपारचं लोडशेडिंग धरून एक मिनिटही इकडेतिकडे नव्हतं. सरांबद्दल मनात काही आलं होतं याचीच तिला लाज वाटली.

"हे यंत्र दणकट आहे तसं," कौस्तुभ बोलत होता. "जानेवारीत तेवढं बेअरिंग गेलं होतं. तीन आठवडे बंद होतं, पार्ट येईपर्यंत."

यमुनाने मान डोलावली आणि ती निघाली. श्रीरंगच्या बायकोला भेटून यावं, एवढंच आता राहिलं होतं.

४

पापडीजवळच्या त्या रुग्णालयात उन्नती अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसली होती. नायगावला नव्या इमारतीत त्यांनी वर्षभरापूर्वीच फ्लॅट घेतला होता. शेजारीण सकाळी कपडे देऊन गेली होती. पायाशी श्रीरंगची ऑफिसची बॅग तशीच पडली होती, फोरमनने आणून दिलेली.

"डॉक्टर म्हणतात, वाट बघा," उन्नती म्हणाली. "किती ते सांगत नाहीत."

यमुना शेजारी बसली. डोक्यावरचा पंखा फिरत होता. समोरच्या घड्याळात दोन वाजले आणि पंखा मंदावत थांबला. क्षणभर सगळं गप्प झालं, मग मागे कुठेतरी जनरेटर धडधडला.

"रोजचंच," उन्नती म्हणाली. "परवा बुधवारी तेवढी गेली नाही. मंत्री आले होते ना पुलाच्या उद्घाटनाला. नायगावपासून विरारपर्यंत कुठेच गेली नाही म्हणे. श्रीरंग रात्री घरी आल्यावर सांगत होता, आज यंत्राला सुट्टी मिळाली नाही."

यमुना तिच्याकडे बघतच राहिली.

फ्लॉसी काय म्हणाली होती? बुधवारी दुपारी तीनला डोक्यावर पंखा चालू होता. इतका की टेबलावर डोळा लागला. तेव्हा ऐकताना यमुनाच्या कानावरून ते गेलं होतं.

बुधवारी वीज गेलीच नव्हती. मग यंत्र पंचेचाळीस नाही, अठ्ठेचाळीस तास चाललं असतं. दांडी खरोखर गुरुवारी एकपर्यंत अभंग राहिली असती, तर काउंटरवर ब्याऐंशी लाखांच्या वर आकडा दिसला असता. सत्त्याहत्तर लाख शहात्तर हजार हा आकडा काउंटरवर कधी आलाच नव्हता. तो कुणीतरी टेबलाशी बसून गुणाकाराने काढला होता. लोडशेडिंगचे तास प्रामाणिकपणे वजा करून, खरा वाटावा म्हणून शेवटी चारशे अठराचं शेपूट जोडून.

तो गुणाकार कुणी केला ते तिला आता दिसत होतं, आणि तिला ते बघायचं नव्हतं.

"त्याची बॅग उघडू का?" तिने विचारलं.

बॅगेत छत्री होती, पास होता, जेवणाचा डबा होता. डबा उचलताच आत काहीतरी जड खुळखुळलं. उन्नतीने झाकण काढलं. पोळ्यांच्या फडक्यात गुंडाळलेले पोलादाचे चार तुकडे होते. दोन दांड्या, दोन्ही मधोमध तुटलेल्या. टोकांवर एकाच लॉटचा ठसा.

यमुनाने एक तुकडा खिडकीशी नेऊन तिरका धरला. तुटलेल्या तोंडावर एका कडेपासून आत सरकत गेलेल्या बारीक वळ्या होत्या, ओहोटीचं पाणी मागे हटताना वाळूवर उमटतात तशा. आणि त्या जिथून सुरू होत होत्या तिथे, पृष्ठभागाखाली, काळा ठिपका. पोलाद ओततानाच आत राहिलेली धातुमळी. दुसऱ्या दांडीतही तसाच ठिपका.

पहिली तुटल्यावर श्रीरंगने कुणाला न सांगता दुसरी लावली होती, खात्री करायला. म्हणून फ्लॉसीला दोन्ही दिवस घरघर ऐकू येत होती. दुसरीही तुटली होती.

म्हणजे रविवारचा पाळणा थांबवायला हवा. त्याला अजून दोन दिवस होते.

आणि तेवढ्यात धवलचे शब्द तिच्या कानात वाजले. याच लॉटच्या सळीचा शाफ्ट जानेवारीत पास झालाय. चार महिने चाललाय.

तिने कौस्तुभला फोन लावला. "जानेवारीची फाइल काढ. जहाजाच्या झोपाळ्याचं सर्टिफिकेट. तारीख सांग."

पलीकडे शिडीवर पावलं वाजली, मग माळ्यावरचं कपाट उघडल्याचा आणि पानं चाळल्याचा आवाज आला.

"मॅडम," कौस्तुभ हळू आवाजात म्हणाला, "एकोणीस जानेवारी. तेव्हा यंत्र बंद होतं."

५

रिसॉर्टच्या मॅनेजरने फोनवर तिचं ऐकून घेतलं आणि तो चक्क हसला. "बाई, सुट्टीचे दिवस आहेत. झोपाळ्याला लाइन लागलीय. तुमच्या एका फोनवर कसा बंद करू? ज्यांनी पास केलाय त्या साहेबांना आणा. ते म्हणाले तर करतो."

यमुनाने पोलीस ठाण्याला फोन केला. फौजदार बंदोबस्तावर होते, अर्ध्या तासात निरोप देतो म्हणाले. अर्धा तास थांबणं शक्यच नव्हतं. दिनानाथांचं घर पापडीतच होतं, रिक्षाने पाच मिनिटं.

ते ओट्यावर बसले होते. हातात वर्तमानपत्र होतं, पण ते उलटं धरलेलं होतं. तिला बघून त्यांनी ते बाजूला ठेवलं.

"ये यमुने."

तिने पोलादाचे चार तुकडे त्यांच्यासमोर ओट्यावर मांडले. ते तुकडे बघून दिनानाथांनी डोळे मिटले.

"सर, वेळ नाही म्हणून थोडक्यात सांगते. सर्टिफिकेटवरचा आकडा पंचेचाळीस तासांचा आहे, खऱ्या वेगाने काढलेला. तो वेग तिघांनाच माहीत आहे, त्यामुळे धवल सुटला. बुधवारी वीज गेली नाही हे त्या आकड्याला माहीत नाही. श्रीरंग बुधवारी तिथे होता, कौस्तुभ तिथे होता. त्यांच्यापैकी कुणी खोटा आकडा काढला असता, तर अठ्ठेचाळीस तासांचा काढला असता. तुम्ही पुण्यात होतात. तुम्ही रोजच्यासारखे तीन तास वजा केलेत."

दिनानाथांनी एक तुकडा उचलून पुन्हा खाली ठेवला.

"श्रीरंगने तुम्हाला चिठ्ठी दिलीच नाही. त्याने या दांड्या दाखवल्या. हो की नाही?"

"लांबून दाखवल्या," ते शेवटी म्हणाले. "मी मागितल्या तर देईना. म्हणाला, सर, आधी जहाजाचा झोपाळा बंद करायला सांगा, मग देतो. त्या आत कुठेतरी ठेवून आला आणि माळ्यावर चढायला लागला, जानेवारीची फाइल आणायला. मी त्याचा हात धरला. यमुने, मी त्याला ढकललं नाही. धरला फक्त. त्याने झटका दिला आणि..."

"आणि तुम्ही काउंटर शून्यावर आणलात, पान फाडलंत, सर्टिफिकेट टाइप केलंत. तो खाली पडलेला असताना."

"हो."

"धवलने हाक मारली तेव्हा आतच होतात?"

"हो. दांड्या शोधत होतो. त्याची बॅगसुद्धा उघडली. डबा नाही उघडला." ते तिच्याकडे न बघता बोलत होते. "मग नाक्यावरून फोन केला. तेवढंच केलं."

"जानेवारीत का सही केलीत, सर?"

"यंत्र बंद होतं. धवल घाई करत होता. मी सळीचा कठीणपणा मोजला. उत्तम होता. पस्तीस वर्षं पोलाद बघतोय मी, कठीणपणावरून आयुष्य सांगता येतं मला. आजवर चुकलो नव्हतो." त्यांनी काळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "आत हे आहे हे कठीणपणात कळत नाही. मला ठाऊक होतं ते. पोरांना शिकवताना मीच सांगायचो."

यमुनाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाच तिला राग आला. "तो झोपाळा आत्ता चालू आहे. मॅनेजर फक्त तुमचं ऐकेल. उठा."

"तुटेलच असं नाही. शाफ्टवर भार कमी असतो. कदाचित दोन वर्षं..."

"कदाचित आज. सांगता येतं तुम्हाला?"

दिनानाथ उठले. चपला घालताना त्यांचा पाय दोनदा चुकला.

६

गासची भातशेती मागे टाकून रिक्षा किनाऱ्याच्या रस्त्याला लागली. सुरूच्या झाडांवरून जहाजाचं रंगीत टोक वर येताना दिसलं, मग ते खाली गेलं, मग दुसरं टोक वर आलं. पोरांच्या किंकाळ्या रस्त्यापर्यंत ऐकू येत होत्या.

जहाज भरलेलं होतं. चाळीसएक माणसं, निम्म्याहून अधिक मुलं. मॅनेजर कुंपणापाशी आडवा आला. "ही फेरी होऊ द्या, मग बोलू."

दिनानाथांनी त्याला हाताने बाजूला केलं. सत्तरीच्या घरातला तो माणूस कुंपणाची साखळी ओलांडून थेट चालकाच्या खोक्याशी गेला. "मी दिनानाथ सावे. हा झोपाळा मी पास केलाय. बंद कर."

चालकाने मॅनेजरकडे बघितलं.

"त्याच्याकडे काय बघतोस? माझी सही खोटी आहे. बंद कर म्हणतो ना!"

हे ते इतक्या मोठ्याने ओरडले की रांगेतली माणसं गप्प झाली. चालकाने लाल बटण दाबलं. पण असलं जहाज एकदम थांबत नाही. एक हेलकावा, दुसरा, तिसरा. यमुना वर शाफ्टकडे बघत हेलकावे मोजत होती. पाचव्याला आवाज आला, दाराची बिजागरी कुरकुरावी तसा. तिला वाटलं, आता. पण जहाज आणखी दोनदा हललं आणि थांबलं. माणसं पैसे परत मागत, कुरकुरत उतरली. एका बाईने यमुनाला चार शब्द सुनावलेही. शेवटचं पोर उतरेपर्यंत यमुना कुंपणापाशीच उभी राहिली.

यमुनाने फोन केल्यावरून कौस्तुभ पाठोपाठ बाइकवरून सामान घेऊन आला होता. शिडी लावून तो वर चढला. शाफ्टवरचं ग्रीस पुसून त्याने लाल द्रव लावला, दहा मिनिटं थांबला, फडक्याने स्वच्छ पुसला आणि वर पांढरी पूड फवारली. चीर असेल तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर वर येतो. खाली यमुना, दिनानाथ, मॅनेजर आणि जीपमधून आत्ताच उतरलेले फौजदार माना वर करून उभे होते.

कौस्तुभ शाफ्टच्या अगदी जवळ वाकला.

"काय आहे?" फौजदारांनी विचारलं.

"लाल रेघ आहे," तो वरून म्हणाला. "शाफ्ट जिथे बारीक होतो तिथे. मी पलीकडे हात घालून बघतोय... निम्म्याच्या पुढे गेलीय साहेब. संपतच नाहीये."

मॅनेजर तिथेच खुर्चीवर बसला. कुणाला काही विचारावं लागलं नाही.

फौजदारांनी दिनानाथांचा जबाब तिथेच, चालकाच्या खोक्यातल्या फळीवर लिहून घ्यायला सुरुवात केली. दिनानाथांनी त्यांना थांबवलं. "मी लिहितो. माझं अक्षर बरं आहे." त्यांनी सगळं लिहिलं, श्रीरंगचा धरलेला हात आणि नाक्यावरचा फोनही. शेवटी सही केली.

यमुना बाजूला उभी राहून फोनवर बोलत होती. उन्नती होती. श्रीरंगने डोळे उघडले होते, तिचा हात दाबला होता, अजून बोलला नव्हता. "त्यांना सांगा, जहाज थांबवलं," यमुना म्हणाली. "ऐकू येत असेल तर आत्ताच सांगा."

तिने फोन ठेवला तेव्हा दिनानाथ तिच्याकडे बघत होते. त्यांनी विचारलं नाही, पण तिने सांगितलं, "शुद्धीवर आलाय."

म्हाताऱ्याचे खांदे खाली आले. त्यांनी फौजदारांकडून तो कागद पुन्हा मागून घेतला, सहीच्या खाली एक ओळ मोकळी सोडली आणि लिहायला लागले. एक गोदामाची क्रेन. एका सिनेमागृहाचा सरकता जिना. मग एका रुग्णालयाची लिफ्ट. यंत्र बंद होतं त्या तीन आठवड्यांत नुसत्या कठीणपणावरून त्यांनी ज्यांना आयुष्य लिहून दिलं होतं, ती सगळी नावं.

पाच नावं झाली. ते थांबले, आठवून सहावं लिहिलं आणि कागद यमुनाकडे सरकवला.

"रुग्णालयाचं आधी घे," ते म्हणाले.

यमुना यादी घेऊन जीपमध्ये बसली.